आमच्या पेठेचा मालक एक होता, आता अकरा आहेत: जुन्या भाड्याच्या घरांच्या दुरुस्तीबद्दल

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून भाड्याच्या घरात राहते. कापसाच्या व्यापारात आणि जिनिंगमध्ये पैसा मिळवलेल्या एका शेठजींनी गावठाणाला लागून जमिनीचा मोठा तुकडा घेतला, त्यावर चार समांतर गल्ल्या आखल्या आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून बासष्ट घरे बांधली. गावात तिला नुसते ‘पेठ’ म्हणतात. एकच मालक, एकच आखणी आणि सुतार-गवंड्यांचा एकच ताफा, त्यामुळे प्रत्येक घराला सारख्या उंचीचा ओटा, ओट्यावर दोन सागवानी खांब, आत तीन खण, मागे मोरी आणि परसातून जाणारी सामाईक गटार. वर खाऱ्या मातीचे, म्हणजे खारीचे, धाबे (सपाट छत).

धाब्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ही बासष्ट धाबी वेगवेगळी दिसत असली तरी पाण्याच्या दृष्टीने ती वेगळी नाहीत. आमच्या धाब्यावर पडलेले पाणी आमच्या पन्हाळीतून खाली पडत नाही. ते शेजारच्या दोन धाब्यांवरून उतरत जाते आणि तिसऱ्या घराच्या दगडी पन्हाळीतून गल्लीत येते. बांधणाऱ्याने चार-चार घरांचा एक उतार धरला होता. चैत्र संपत आला की वाड्यावरून खारीच्या बैलगाड्या यायच्या, दिवाणजी छत्री घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत एकाच दमात खारी पसरून, पाणी मारून, मोगरीने चोपली जायची. पहिला पाऊस झाला की आई मध्यरात्री उठून माजघरात कंदील फिरवायची, आणि एखाद्या वर्षी ‘धाबं गळी ऱ्हायनं’ असे तिने म्हटले की सकाळी वडील वाड्यावर जाऊन दप्तरात नोंद करून यायचे. बहुतेक वेळा दोन दिवसांत माणूस येई. भाडे किती होते हे मला आज सांगायला संकोच वाटतो, पण त्या भाड्यात हे सगळे बसत असे.

शेवटच्या शेठजींनंतर मिळकत अकरा वारसांच्या नावावर अविभक्त आली. ते पुणे, सुरत, इंदूर असे पांगलेले आहेत. दिवाणजी वारले, दप्तर बंद झाले, पावत्या मिळेनाशा झाल्या. दोन वर्षे आम्ही मनीऑर्डरने भाडे पाठवले, ती परत आली. मग ज्याने त्याने आपापले पाहिले. कोणी पत्रे टाकले, कोणी सिमेंटचा कोबा केला. आमच्या खालच्या शेजाऱ्यांनी चार इंच कोबा केला तेव्हा त्यांचे धाबे आमच्यापेक्षा उंच झाले आणि आमचे पाणी आमच्याकडेच तुंबू लागले. गेल्या पावसाळ्याआधीच्या पावसाळ्यात तिसऱ्या गल्लीतल्या एका घराची मागची भिंत बसली. जीवितहानी झाली नाही, पण त्यानंतर एकोणीस घरांवर ‘धोकादायक इमारत’ अशा नोटिसा लागल्या आणि त्याच महिन्यात एक बांधकाम व्यावसायिक घरोघरी फिरू लागला.

मालकी कोणाची, हक्क किती, हे वकील पाहतील. मला जाणकारांना विचारायचे आहे ते असे: मालक एक राहिला नाही तरी दुरुस्तीचा हात एक ठेवता येतो का? आणि तसे कुठे झाले आहे का?

---

कोर्टाची पायरी

बोरीकाठ दादा, धागा फार चांगला मांडलात. मी जळगावला दिवाणी दाव्यांची कामे करतो, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

खानदेश मुंबई इलाख्यात असल्यामुळे इकडे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. त्यात जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यकच होते. परंतु भाडे गोठले आणि दगड, लाकूड, मजुरी मात्र वाढत राहिली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले आणि पुढे राज्यासाठी एकच असा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे अधिक ५ टक्के हा पाया धरला आहे आणि दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा मालकाला आहे.

दुरुस्तीचे कर्तव्य कायद्याने मालकावरच ठेवले आहे. मालक करत नसेल तर लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. आता महिना ४० रुपये भाडे असेल तर वर्षाचे ४८० होतात आणि त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. एवढ्यात गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही. हक्क कागदावर आहे, पण तो वापरून एक पन्हाळसुद्धा बदलता येणार नाही.

नोटिसांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण नेमक्या याच भीतीपोटी लोक घाईने सह्या करतात. इमारत धोकादायक म्हणून पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इमारत गेली तरी जमीन राहते आणि भाडेपट्ट्याचा संबंध त्या जमिनीशीही असतो. तरीही पाडण्याआधी प्रत्येक घराचे माप, छायाचित्रे, जुन्या पावत्या आणि वीजबिले एकत्र करून ठेवलीच पाहिजेत.

कटू वाटेल, पण हेही सांगतो. आपल्या पेठेत कुलूप लावून नाशिक-पुण्याला गेलेली किती कुटुंबे आहेत? सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घर वापरात नसेल तर ताबा परत मागण्याचे ते एक कारण ठरते. परस्पर पोटभाडेकरू ठेवणे हेही तसेच. मालकाकडे बोट दाखवण्याआधी ही घरे मोजून घ्यावीत.

---

सोयगावचा सागवान

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून संयमाने लिहितो. धरणगावकडे आमच्या आजोबांची नऊ घरे होती, सगळी भाड्याने दिलेली. वडील गेले त्या वर्षी मी हिशेबाची वही उघडली. सर्वांत जास्त भाडे देणारे घर महिन्याला ६५ रुपये देत होते. घरपट्टी त्याहून जास्त होती आणि ती आम्ही भरत होतो. त्याच वर्षी एका घराची तुळई बदलायची वेळ आली. जुन्या सागवानाची तेवढ्या लांबीची तुळई मोडीच्या वखारीतून आणली तिचीच किंमत त्या घराच्या अनेक वर्षांच्या भाड्याहून अधिक होती. आम्ही ती बदलली, कारण त्या घरात एक वृद्ध मावशी राहत होत्या आणि त्यांच्या हातची मांड्यांची पुरणपोळी आम्ही लहानपणी खाल्ली होती. पण पुढची आठ घरे आम्ही भाडेकरूंनाच विकून टाकली.

मला म्हणायचे आहे ते इतकेच की वारस दुष्ट नसतात. जो सुरतेला राहतो, ज्याने ती पेठ लहानपणी एकदाच पाहिली आहे आणि ज्याच्या अकराव्या हिश्श्याला महिन्याकाठी दोनशे रुपये येतात, त्याने स्वतःच्या खिशातून खारी टाकावी ही अपेक्षा टिकणारी नाही. शेठजींच्या काळात भाडे आणि दुरुस्ती यांचा मेळ बसत होता. तो मेळ सुटला, तेव्हाच ती घरे पोरकी झाली. वाटण्या नंतर झाल्या.

---

पांझरेचे पाणी

धुळ्याचा एक दाखला देतो. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे ठाणे निवडले आणि जुन्या वस्तीशेजारी नवी पेठ सरळ गल्ल्यांत आखली. बाहेरून व्यापारी आणि कारागीर यावेत म्हणून त्यांनी बांधकामाला जागा बिनसाऱ्याने दिल्या आणि पक्की घरे उभारण्यासाठी उचलही दिली. आजही धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगतो. तिथे मालक अनेक होते, पण आखणी एका हाताची होती, आणि ती दोनशे वर्षे टिकली ती रस्त्यांच्या रूपाने. घरांच्या दुरुस्तीसाठी मात्र असा एक हात कधीच नव्हता, त्यामुळे एका गल्लीत लाकडी वाडा, त्याला चिकटून चार मजली काँक्रीट आणि मध्ये पडीक जोते अशी दृश्ये दिसतात. आपल्या पेठेत निदान धाब्यांचा उतार तरी अजून शाबूत आहे, हे मोठे भांडवल समजावे.

---

शिरपूर ते टेम्स

मी मूळ शिरपूरची, आता बरीच वर्षे लंडनमध्ये आहे. बोरीकाठ दादांनी ‘कुठे झाले आहे का’ असे विचारले म्हणून लिहिते. इथे अख्खे मोहल्ले एका घराण्याच्या मालकीचे असणे ही जुनी रीत आहे. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्रोव्हनर घराण्याचे. १६७७ साली सर थॉमस ग्रोव्हनर यांचे लग्न मेरी डेव्हिस या बारा वर्षांच्या वारसदार मुलीशी झाले आणि लंडनच्या पश्चिमेची सुमारे ५०० एकर दलदल व कुरणे त्या घराण्यात आली. त्या जमिनीवर पुढच्या शतकात मेफेअर आणि १८२० च्या दशकापासून बेलग्रेव्हिया उभे राहिले.

पण घराण्याने घरे स्वतः बांधली नाहीत, आणि आपल्या शेठजींपेक्षा इथे मोठा फरक आहे. जमीन बहुधा ९९ वर्षांसारख्या लांब मुदतीच्या पट्ट्याने दिली, बांधकाम व्यावसायिकाने स्वतःच्या पैशाने घर बांधले, राहणाऱ्याने ते विकत घेतले आणि जमीनमालकाला वर्षाला ठरावीक भुईभाडे दिले. पट्ट्यातच लिहिलेले असे की घर दुरुस्त ठेवायचे, दर्शनी बाजू ठरलेल्या वर्षांनी रंगवायची, मनाने काही वाढवायचे नाही. मुदत संपली की घरासकट सगळे जमीनमालकाकडे परत. म्हणजे दुरुस्ती रहिवाशाने करायची, आणि तिच्यावर देखरेख एका कचेरीची.

राहणाऱ्यांना हे अन्यायाचे वाटत होते, कारण पूर्ण किंमत मोजूनही घर शेवटी जात असे. १९६७ च्या कायद्याने घरांच्या पट्टेदारांना जमिनीसह पूर्ण मालकी विकत घेण्याचा हक्क मिळाला. ग्रोव्हनर विश्वस्त त्याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि १९८६ साली हरले. १९९३ च्या कायद्याने सदनिकांनाही तसा हक्क आला.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हक्क देताना कायद्याने एक व्यवस्था राखून ठेवली, जिला इथे ‘व्यवस्थापन योजना’ म्हणतात. घर विकत घेऊन मालक झालेला माणूससुद्धा त्या योजनेच्या क्षेत्रात असेल तर दर्शनी भाग बदलण्याआधी परवानगी घेतो, ठरलेल्या रंगाने ठरलेल्या काळाने रंगवतो आणि सामाईक बागांचा खर्च वाटून देतो. बेलग्रेव्हियात चालताना ती फिकट मलई रंगाची घरांची रांग न तुटता दिसते ती याच्यामुळे. मालकी फुटली तरी देखभालीचा नियम फुटू दिला नाही. ती श्रीमंतांची वस्ती आहे आणि आपली पेठ कापसाच्या हमालांची आणि शिक्षकांची, हे मला ठाऊक आहे. परंतु चार धाब्यांच्या एका उताराला लागणारा नियम यापेक्षा वेगळा असण्याचे कारण नाही.

---

यार्डातली शिट्टी

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत माझे बालपण गेले. तिथे रेल्वे हाच मालक. नोंदवहीत तक्रार लिहिली की सुतार यायचा, पण वडील निवृत्त झाले तेव्हा ठरलेल्या मुदतीत घर सोडावे लागले. आईने लावलेला कढीपत्ता तिथेच राहिला. दुरुस्ती होती, हक्क नव्हता. तुमच्याकडे हक्क आहे आणि दुरुस्ती नाही. दोन्ही एका ठिकाणी असलेली वसाहत मी अजून पाहिलेली नाही. तुम्हाला जमले तर जरूर कळवा, मी येऊन पाहीन.

---

ओळंबा

मी बांधकाम अभियंता आहे आणि मातीच्या जुन्या घरांची कामे केली आहेत. पैशांची आणि हक्कांची चर्चा झाली, आता घराकडे पाहू, कारण पावसाळा कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

पहिली गोष्ट सिमेंटच्या कोब्याची. मातीचे धाबे ओले होते आणि वाळते; लाकूड त्यामुळेच टिकते. वर सिमेंटचा थर आला की उन्हाने त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरते, पण वाफ होऊन बाहेर पडायला वाट राहत नाही. ते पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी साठते. तुळई मधोमध धडधाकट दिसते आणि टोक भिंतीच्या आत कुजत असते, त्यात वाळवीही तिथेच शिरते. तुमच्या तिसऱ्या गल्लीतली भिंत बसली तिथे धाब्यावर कोबा होता का, हे जरूर पाहा. हातोडीने टोकाजवळ ठोकून पाहिले तर चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द येतो. शंका वाटली तर टोच्या घालून पाहावे. तो बोटभर सहज आत गेला तर त्या खणाखाली कोणी झोपू नये आणि त्याच दिवशी टेकू द्यावा.

दुसरी गोष्ट खारीची, आणि हे जुन्या लोकांना पटत नाही. दरवर्षी नवी खारी टाकायची पण जुनी उतरवायची नाही, असे केले तर थर वाढत जातो आणि ओल्या मातीचे वजन तुळयांवर बसते. मी एका घरात कमरेला टेकेल एवढा थर पाहिला आहे. दिवाणजींच्या काळी आधी जुनी खारी खरवडून काढत असणार. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

एकोणीस नोटिसांपैकी सगळी घरे पाडण्याजोगी असतील असे मला वाटत नाही. सगळ्या बासष्ट घरांची एकत्र तपासणी करून लेखी अहवाल घ्या. एकेका घराने वेगळा अहवाल आणला तर त्याचे वजन पडत नाही.

---

कोर्टाची पायरी

ओळंबा यांच्या म्हणण्याला जोड देतो. मुंबई शहर बेटातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ च्या कायद्यापासून दुरुस्ती मंडळ आहे. रहिवासी उपकर भरतात आणि मंडळ दुरुस्ती करते. त्या व्यवस्थेच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण मंडळ आहे. खानदेशातल्या भाडेकरूला तसे कोणतेही दार नाही. म्हणून इथे करार हाच मार्ग.

माझी सूचना: मालकी, भाडे, ताबा यांपैकी कशालाही हात न लावता फक्त दुरुस्तीपुरता एक करारनामा करा. वारसांची संमती, भाडेकरूंची वर्गणी, संयुक्त बँक खाते आणि त्यात स्पष्ट वाक्य, की या खर्चामुळे कोणाचाही हक्क वाढणार नाही आणि कमीही होणार नाही. हे वाक्य नसेल तर वारस सही करणार नाहीत, आणि भाडेकरूंनीही करू नये.

---

सोयगावचा सागवान

या वाक्यासाठी मी स्वतः वारसांशी बोलायला तयार आहे. मालकाच्या घरातला माणूस बोलला तर त्यांना ऐकायला सोपे जाईल. वारसांना खरी भीती खर्चाची नसते. आज दुरुस्तीला होकार दिला तर उद्या भाडेकरू ‘आम्हीच घर सांभाळले’ म्हणून मालकी सांगेल, याची असते.

---

बोरीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिने लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

ओळंबा सरांनी विचारलेले खरे निघाले. भिंत बसलेल्या घरावर कोबा होता आणि मागच्या तुळईचे टोक हाताने चुरले जात होते. माझ्या स्वतःच्या घरात पाहिले, तर माजघरातल्या दुसऱ्या खणाची तुळई आवाजाला भद्द लागली. तिला आता टेकू दिला आहे आणि आईचा पलंग ओसरीत हलवला आहे. खारीबद्दल मी आईला विचारले. ती म्हणाली की गाड्या आल्या की आधी दोन दिवस गल्लीत खरवडलेल्या मातीचे ढीग पडायचे आणि आम्ही मुले त्यावरून घसरायचो. मला ते ढीग आठवत होते, पण ते कशाचे हे कधी विचारले नव्हते.

सागवान काकांनी सुरतच्या वारसांशी दोनदा बोलणे केले. अकरापैकी आठ जणांनी दुरुस्तीच्या करारावर सह्या केल्या आहेत. एक परदेशात आहेत, त्यांची संमती पत्राने येणार आहे. दोघांचा नकार आहे आणि त्यांची बाजू आम्ही ऐकून घेत आहोत. कुलूपबंद घरे मोजली, ती चौदा निघाली. त्यांतल्या नऊ कुटुंबांनी वर्गणी पाठवली. बांधकाम व्यावसायिकाला आम्ही नाही म्हटलेले नाही. पुनर्बांधणीच्या नियमांत भाडेकरूंसाठी तरतूद आहे हे कळले आहे, पण तपासणी अहवाल हातात येईपर्यंत कोणीही एकट्याने सही करायची नाही, असे बैठकीत ठरले.

तीन शेजाऱ्यांनी कोबा फोडायला होकार दिला. आमच्या खालच्या घराचे नाना आधी तयार नव्हते, कारण त्यांनी त्यावर बराच पैसा घातला होता. त्यांना धाब्यावर नेऊन एक बादली पाणी आमच्या बाजूने ओतून दाखवले. पाणी त्यांच्या कोब्याच्या कडेला अडून परत माझ्या पायांशी आले. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले आणि मग म्हणाले, की फोडायचे तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत फोडा, नंतर गवंडी मिळणार नाहीत.

आता एकच विचारतो. चार घरांचा एक उतार धरून काम करायचे असेल, तर सुरुवात वरच्या घरापासून करावी की पन्हाळीच्या घरापासून?

---

ओळंबा

पन्हाळीच्या घरापासून. आधी पन्हाळ मोकळी करून तिची पातळी पक्की करा, मग दोरी लावून वरपर्यंत उतार चढवत जा. खारी पसरताना मात्र वरच्या घरापासून खाली या. खरवडलेली माती तिथल्या तिथे गटारीत जाऊ देऊ नका. पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने येतो. धाब्यावर चढायला एक शिडी आणि शंभर फूट सुतळी तयार ठेवा.